मुद्देमालात एक स्टूल जास्त

चिठ्ठीमास्तरांची उंची पाच फूट दोन इंच, आणि त्यातले दोन इंच बुटांचे, असं पोलीस ठाण्यातले लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे. ठाण्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी मास्तरांच्या खिडकीशी जावं लागायचं, आणि मास्तर काही विसरत नसत.

तसे ते पोलीस खात्यातले साधे कारकून. अंगावर खाकी नाही, हातात काठी नाही. पण तळमजल्याच्या टोकाला मुद्देमालाची खोली होती, तिची किल्ली गेली अकरा वर्षं त्यांच्या कमरेला होती. गुन्ह्यात सापडलेली, चोराकडून परत मिळवलेली, भांडणात कुणी कुणाच्या डोक्यात घातलेली, अशी सगळी चीजवस्तू खटला संपेपर्यंत या खोलीत मुक्कामाला असे. सायकली, सुऱ्या, फुलदाण्या, कुलपं, एक तबला (जोडीतला दुसरा कुठे गेला हे चोरालाही सांगता आलं नव्हतं) आणि एक दातांची कवळी. प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर लाखेचं सील.

"वस्तू मुकी असते," मास्तर म्हणत. "चिठ्ठी ही तिची जीभ. आणि रजिस्टरातली ओळ हे तिचं घर. वस्तू, चिठ्ठी, ओळ. तिन्ही जुळलं तर झोप लागते. नाही जुळलं तर झोपायचं नाही."

हे ते नुसतं म्हणत नसत. एकदा एक फौजदार घाईघाईने एक कुऱ्हाड नुसतीच टेबलावर टाकून निघाला, तेव्हा मास्तरांनी त्याला जिन्यातून परत बोलावलं होतं. "साहेब, हिला अनाथ करून कुठे निघालात?" फौजदार बिचारा अर्धा तास बसून चिठ्ठी लिहीत होता.

ही सवय घरापर्यंत गेली होती. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, आणि त्यांत मास्तर एकटे. बायको पाच तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका. तिची बदली होण्यासारखी नव्हती आणि यांची होत नव्हती. एक रविवार आड एक रविवार कुणीतरी कुणाकडे जायचं, असा अकरा वर्षांचा संसार. एकदा ती आली तेव्हा तिला आपला मागच्या खेपेला राहिलेला कंगवा फळीवर ठेवलेला दिसला. त्याला सुतळीने चिठ्ठी बांधली होती : 'कंगवा एक. दोन दात कमी. मालकीण परगावी.' ती आधी पोट धरून हसली, मग काही वेळ तशीच फळीकडे तोंड करून उभी राहिली.

बदलीचा हुकूम आजवर तीनदा निघाला आणि तीनदा रद्द झाला होता. आता चौथा निघाला. शनिवारी कचेरी सुटायच्या आत मास्तरांनी खोलीचा ताबा सोडायचा आणि सोमवारी सकाळी तिकडे हजर व्हायचं. नाही जमलं तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"कपाटाची एक बाजू रिकामी केलीय," बायको फोनवर म्हणाली.

"मागच्या वेळीही केली होतीस."

"मागच्या तिन्ही वेळी. आता चौथ्यांदा माझे कपडे आतबाहेर करणार नाही, आधीच सांगून ठेवते. नाही आलात तर तिथे हॉस्पिटलच्या चादरी ठेवीन."

"येतो गं. मोजणी सुरू आहे. माझ्या खोलीत टाचणी इकडची तिकडे नाही."

मास्तर असं म्हणाले, कारण तसं होतंच.

ताबा घ्यायला जी कारकून आली होती तिला ठाण्यातले लोक दोन दिवसांतच भिंग म्हणू लागले होते. त्यांना वाटलं हे नाव आपण ठेवलं. खरं म्हणजे सहा वर्षांपूर्वी खात्याच्या प्रशिक्षण वर्गात मास्तरांनीच ते ठेवलं होतं. मास्तर तिथे शिकवायला जात. पहिल्याच तासाला या मुलीने हात वर करून विचारलं होतं, "सर, वस्तू कमी भरली तर काय करायचं ते कळलं. जास्त भरली तर?" वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "शाबास," ते म्हणाले होते. "जास्तीची वस्तू कमी वस्तूपेक्षा वाईट. कमी असली तर आपल्याला ठाऊक तरी असतं काय गेलंय. जास्त असली म्हणजे कुणाच्या तरी घरी कमी आहे, आणि आपल्याला ते घर ठाऊक नाही."

मास्तरांनी ते वाक्य त्या दिवशी सांगितलं आणि संध्याकाळी विसरले. भिंगने मात्र ते जपून ठेवलं होतं.

मोजणी तीन आठवडे चालली. भिंग ओळ वाचायची, मास्तर स्टुलावर चढून वरच्या फळीवरची वस्तू काढायचे, चिठ्ठी वाचायचे, सील दाखवायचे आणि म्हणायचे, "हजर." शाळेतल्या हजेरीसारखं. तबला हजर, कवळी हजर. शुक्रवारी दुपारी शेवटची ओळ आली. दोन हजार तीनशे सोळा नोंदी, दोन हजार तीनशे सोळा वस्तू. मास्तरांनी हात झटकले आणि खालच्या माणसांवर उपकार केल्यासारखे स्टुलावरून उतरले.

"आता सही," ते म्हणाले.

"आता खोलीचं सामान," भिंग म्हणाली, आणि तिने दुसरी वही काढली. खात्याच्या टेबल-खुर्च्यांची नोंद ठेवतात ती जडवस्तूंची वही. "टेबल एक. खुर्च्या दोन. लोखंडी कपाटं तीन. पंखा एक. संपलं."

"झालं तर मग."

"मास्तर, हे स्टूल कुणाचं?"

"आपलं."

"वहीत नाही."

"अगं, मी आलो त्या आठवड्यापासून इथे आहे ते. बल्ब बदलायला चढलो, तेव्हापासून रोज चढतोय. त्याचा पाय डुगडुगायचा, त्याला पाचर मी मारली. खोलीचंच आहे."

"कागद?"

हा प्रश्न मास्तरांनी जन्मभर इतरांना विचारला होता. स्वतःला ऐकायला तो कसा लागतो हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. त्यांनी स्टूल उचललं आणि उलटं केलं.

बैठकीच्या खालच्या बाजूला, बरोबर मध्यावर, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. चहाच्या रंगाची झालेली, कडा वाळवीने चाखलेल्या, पण आकडा शाबूत. अक्षर मास्तरांच्या आधीच्या कारकुनाचं.

मास्तर जुनी रजिस्टरं कुठे आहेत ते डोळे मिटून सांगत. अकरा वर्षांपूर्वीचं काढलं, ओळ सापडली : 'शिलाई मशीन एक, पायाने चालणारे, व स्टूल एक.' शिलाईच्या दुकानातली चोरी. पुढे न्यायालयाच्या आदेशाचा क्रमांक, शेरा 'मालकिणीस परत', मालकिणीची सही. आणि परत करणाऱ्या कारकुनाची सही मास्तरांची होती. खोलीचा ताबा घेतल्यापासूनचा तिसरा दिवस.

एका ओळीत दोन वस्तू आणि एकच सही. मशीनचा नंबर आपण तीनदा ताडून पाहिला होता, हे मास्तरांना स्वच्छ आठवलं. दोन शिपायांनी मशीन उचलून हातगाडीवर ठेवलं. ते दाराशी उभे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. स्टूल दाराच्या मागे राहिलं होतं.

त्यांना आणखीही एक आठवलं आणि ते खुर्चीत बसले.

पुढच्या आठवड्यात ती बाई खिडकीशी आली होती. "साहेब, माझं स्टूल राहिलं." खिडकीच्या जाळीतून बाहेरच्याला आतलं कमरेपासून वरचंच दिसतं. मास्तर त्या वेळी वरची फळी लावत होते. त्यांनी तिथूनच रजिस्टर उघडून जाळीला लावलं आणि फार सभ्यपणे सांगितलं, "मावशी, मिळाल्याची सही आहे तुमची." बाई सहीकडे बघत राहिली, मग निघून गेली. मास्तर पुन्हा कामाला लागले. त्या वेळी ते तिच्या स्टुलावर उभे होते.

"काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात," भिंग हळूच म्हणाली. "तुमचा तर पायाखाली होता."

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे."

"मास्तर, सही मी करणार नाही. एक वस्तू जास्त आहे."

"केलीस तर मी तुझा मास्तर नाही," मास्तर म्हणाले.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तीन आठवडे काडी न् काडी जुळवलीत, आता स्टुलाने अडवलं? जडवस्तूत एक ओळ वाढवा. नाहीतर मागच्या अंगणात ठेवून द्या, उद्या लाकडांत जाईल. कोण विचारतंय?"

"ही विचारतेय," मास्तर म्हणाले. भिंग शेजारी उभी होती.

"आणि लेखी दिलंत तर मला चौकशी लावावी लागेल. चौकशी म्हणजे महिना. मग तुमची बदली गेली. वहिनींना काय सांगणार?"

"साहेब, चौकशी कशाची लागते? वस्तू कुठे आहे याची. उद्या कचेरी सुटायच्या आत वस्तू मालकिणीकडे आणि पावती तुमच्या टेबलावर असेल. मग विचारायला काय उरलं? माझी चूक. ती मी अर्ध्या पानात लिहून देतो, महिना कशाला लागतो?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. चूक कबूल करताना माणूस थोडा तरी वाकतो, हा अजून ताठ झालेला दिसत होता. "सहा वाजता मी कुलूप लावून निघतो," ते म्हणाले.

शनिवारी जेवणाची सुट्टी झाल्यावर मास्तर स्टूल घेऊन निघाले. बसला गर्दी होती. पन्नास मिनिटं ते दांड्याला धरून उभे, आणि पुढ्यात रिकामं स्टूल.

"अहो काका, बसा की," कंडक्टर म्हणाला. "स्वतःचं आसन घेऊन फिरताय आणि उभे काय?"

"माझं नाही."

"मग कुणाचं?"

"पुराव्यातलं आहे."

कंडक्टर दोन पावलं मागे सरला. आजूबाजूचे प्रवासीही जरा आवरून उभे राहिले, आणि स्टुलाभोवती भर गर्दीत हातभर मोकळी जागा झाली. अकरा वर्षं त्यावर बुटांसकट चढलेल्या मास्तरांना आता त्याला गुडघा लागला तरी संकोच वाटत होता.

शिलाईचं दुकान पत्त्यावर होतं तिथेच होतं. एका अरुंद गल्लीत तीन पायऱ्या चढून. आत चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलेली एक बाई मशीन चालवत होती. ती बसली होती रंगाच्या रिकाम्या डब्यावर, वर घडी केलेलं पोतं. कोपऱ्यात तिची धाकटी जाऊ काजं करत होती.

"माप द्यायचंय का?" बाईने मान वर न करता विचारलं.

"नाही मावशी. स्टूल द्यायचंय."

मशीन थांबलं. बाईने चष्मा वर केला. आधी स्टुलाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा मास्तरांकडे, पायांपासून डोक्यापर्यंत.

"तुम्ही त्या जाळीतले?"

"हो."

"अगं बाई." ती जावेकडे वळली. "मी तुला सांगायची ना, केवढा उंच माणूस होता, वरून बोलत होता म्हणून? बघ. एवढाच आहे."

"त्या दिवशी मी तुमच्या स्टुलावर उभा होतो," मास्तर म्हणाले. उभं राहून सरळ सांगितलं. "चूक माझी, मावशी. सही घेतली, वस्तू आधी बघायला हवी होती ती बघितलीच नाही. आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा तुमच्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवला."

 मग जाऊ म्हणाली, "अकरा वर्षं या गल्लीत काही हरवलं की लोक म्हणतात, स्टुलासारखं गेलं."

"तुम्ही दुसरं घेतलं नाहीत?" मास्तरांनी डब्याकडे बघत विचारलं.

"का घेऊ?" बाई म्हणाली. "माझं होतं ना एक. पोलिसांकडे. दुसरं घेतलं म्हणजे ते गेलं असं मान्य केल्यासारखं. ठेवा इथे." डबा तिने पायाने बाजूला लोटला, स्टूल ओढलं, बसली. पाय मशीनच्या पायटीवर ठेवले. दोनचारदा हलवले. मग उठली.

"हे माझं नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. "मावशी, चिठ्ठी आहे खाली. आकडा जुळतो."

"पुन्हा कागद?" बाई म्हणाली. "माझ्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. पायटी मारली की ते पुढे यायचं, सोडली की मागे जायचं. हे बघा, दगडासारखं बसलंय. कुणाचं तरी भलतंच आणून मला सही मागताय. एकदा सही केली तर स्टूल गेलं. आता काय मशीन न्यायचंय?"

मास्तर हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा अगदी मोकळे हसले. खिशातून त्यांनी एक लहान वही काढली. खोलीतल्या कुठल्याही वस्तूची डागडुजी केली की ते तिच्यात लिहीत. दहा वर्षांपूर्वीचं पान उघडलं. "वाचा. नको, कागद तुम्हाला चालत नाही. पकड आहे का एखादी?"

जावेने पकड दिली. मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले, स्टूल आडवं घेतलं, आणि डाव्या पायाखाली आपणच ठोकलेली लाकडी पाचर हलवून हलवून उपसून काढली. चांगली बसवली होती. घाम निघाला. "माझी सवय वाईट," ते म्हणाले. "वस्तू माझ्याकडे आली की ती धड करून ठेवतो. पुरावा धड करायचा नसतो, मलाच मी शिकवायला हवं होतं. बसा आता."

बाई बसली. पायटी मारली. स्टूल पुढे आलं, मागे गेलं. तिने मशीनवरचा अर्धा राहिलेला उशीचा अभ्रा पुढे ओढला आणि शिवायला लागली. एक कड झाली. दुसरी झाली. मास्तरांना वाटलं आता थांबेल. बाईने तिसरी कड घेतली. मास्तर पावतीचा कागद हातात धरून उभे होते. घड्याळ चाललं होतं, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. अकरा वर्षांपूर्वी घाई केली होती तेवढी पुरे होती.

"काका, शर्टाचं बटण लोंबतंय," जाऊ म्हणाली. "द्या, टाका घालते."

"नको. लाच होईल."

"बटणाची?"

"लहानापासूनच सुरू होतं."

चौथी कड संपली. बाईने दोरा तोडला, अभ्रा घडी करून ठेवला. "हेच," ती म्हणाली. "आणा तुमचा कागद."

"आधी नीट बघून घ्या. पाय चार?"

"चार."

"बैठक?"

"आहे. तुमच्या बुटांनी गुळगुळीत केलीय."

"मग करा सही."

तिने सही केली. खाली आपल्या मनानेच लिहिलं : 'या वेळी खरोखर मिळाले.' मास्तरांनी ते वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही.

पावणेसहाला ते ठाण्यात पोचले. पावती आणि अर्ध्या पानाचा कबुलीजबाब साहेबांच्या टेबलावर ठेवला. चुकीला 'नजरचूक' असा मऊ शब्द त्यांनी वापरला नव्हता. साहेबांनी दोन्ही वाचलं, पावतीवरची ओळ वाचून मिशीत हसले, आणि एक कागद मास्तरांपुढे सरकवला. एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली लेखी ताकीद. ती त्यांनी दुपारीच टाईप करून ठेवली होती.

"एवढ्यावर मिटवतो," साहेब म्हणाले. "पण ही तुमच्या सेवापुस्तकात जाईल."

मास्तरांनी ताकीद उजेडाला धरून काळजीपूर्वक वाचली. "साहेब, जावक क्रमांक राहिलाय."

"द्या इकडे."

क्रमांक पडला, तेव्हा भिंगने रजिस्टर उघडून सही केली. मग तिने हात पुढे केला आणि मास्तरांनी कमरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली. किल्ली नसलेली कंबर त्यांना हलकी वाटली. दोनदा हात तिकडे गेला.

"वरच्या फळीचं काय करशील आता?" त्यांनी विचारलं.

"घरून स्टूल आणलंय." भिंगने दाराआडून एक निळं स्टूल काढलं आणि उलटं करून दाखवलं. खाली नवी कोरी चिठ्ठी होती : 'खासगी. मुद्देमाल नव्हे.' तारीख, सही.

"सील?"

"लाख तापतेय."

मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि बसस्टँडचा रस्ता धरला.

रविवारी दुपारी बायकोच्या घरी त्यांची बॅग उघडली गेली. कपाटाची रिकामी बाजू खरंच रिकामी होती, आत नवा कागदही अंथरला होता. सगळ्यात वर, एका पाकिटात, चिठ्ठीसकट कंगवा निघाला.

"हा अजून आहे?"

"मालकिणीने सोडवून नेला नव्हता. हा घे, आणि दात मोजून घे. दोन कमी आहेत, ते आधीपासून."

"सही हवी असेल."

"आधी वस्तू. मग सही."

तिने कंगवा केसांत खोवला. "बरं, आता आलाच आहात तर माळ्यावरची मोठी पेटी काढून द्या. ते स्टूल घ्या."

मास्तरांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं, आणि चढण्याआधी ते उलटं करून खालून पाहिलं.

"अहो, काय बघताय?"

"कुणाचं आहे ते."

"आपलं आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. जिभेवर शब्द आला होता, सवयीचा, एकच. बायको कमरेवर हात ठेवून त्याची वाट बघत होती.

"बरं," मास्तर म्हणाले, आणि चढले.